खात्रीचा मेकॅनिक

मिल बंद पडली तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीतल्या बहुतेक पुरुषांनी काम शोधलं. आमच्या घरात मात्र उलटं झालं, कामानंच बाबांना शोधलं. आई आधीपासून मुंजी-बारशांचं जेवण करून द्यायची. तिचा मसालेभात एकदा दादरच्या एका लग्नात गेला आणि तिथून आमच्याकडे ऑर्डरींची रांग लागली. खोली अपुरी पडायला लागली म्हणून तळमजल्यावरचा एक बंद गाळा भाड्यानं घेतला. पहाटे आई आणि आत्या खाली उतरायच्या, आणि मी जागी व्हायचे ती खोबरं किसण्याच्या आवाजानं. थोड्या वेळानं फोडणीचा वास जिन्यानं वर यायचा. अंथरुणात पडल्यापडल्या मला कळायचं, आज अळू आहे की बटाटा. जेवण तयार व्हायचं, पण पोचवायचं कसं हा प्रश्न होता. टॅक्सीवाले मोठी पातेली घ्यायला तयार नसायचे आणि हातगाडीवरून गिरगावपर्यंत जाईतो श्रीखंडाचं पाणी व्हायचं. म्हणून बाबांनी एक जुना डिझेल टेम्पो घेतला. रंग निळा, दरवाजा आतून उघडत नसे, आणि हॉर्न वाजवला की वायपर हलायचा.

टेम्पो आल्याचा आनंद पहिल्या थंडीपर्यंत टिकला. मग तो सकाळी सुरूच होईना. बाबा चावी फिरवायचे, आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा, पुन्हा शांतता. शेवटी चाळीतली चार माणसं धक्का मारायची आणि टेम्पो एकदम जागा होऊन असा काळा धूर सोडायचा की पहिल्या मजल्यावरच्या दळवीकाकू वाळत घातलेल्या कुरडया पदराखाली झाकून आत पळायच्या. चढावर तो दमायचा, उतारावर डुगडुगायचा, आणि डिझेल पिण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. बाबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, मालवणाकडून लहानपणीच मुंबईत आलेली, पण तिनं आपली बोली काही सोडली नव्हती. ती गाळ्याच्या दारात उभी राहून म्हणायची, "शांतारामा, ह्यो टेम्पो न्हय, म्हस आसा. खाता म्हशीसारखो आणि बसता पन म्हशीसारखो."

बाबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागखात्यातले मुकादम, होते. मागावर सूत कुठं तुटलं ते त्यांना लांबून कळायचं, पण डिझेल इंजिन ही त्यांच्यासाठी परक्या गावातली भाषा होती. ज्याला ती भाषा येते त्याच्यावर विश्वास टाकण्यावाचून इलाज नव्हता, आणि नेमकं तेच जमत नव्हतं. परळला एका पुलाखाली एक गॅरेज होतं. तिथला मालक बाबांना बसायला स्टूल द्यायचा, चहा मागवायचा, बॉनेटकडे ओझरतं बघायचा आणि सांगायचा, "सावंतभाऊ, इंजिन खोलना पडेगा." डोकं दुखलं तरी इंजिन खोलायचं आणि ढेकर आला तरी इंजिन खोलायचं. खोलून जोडल्यावर टेम्पो आठवडाभर शहाण्यासारखा वागायचा आणि पुन्हा मूळ पदावर यायचा. दुसरा एक जण ओळखीतून आला. तो घरी येऊन टेम्पो बघायचा, म्हणजे खरं तर जेवायच्या वेळेला यायचा. बोटांना जरा काळं लावून घ्यायचा, हात धुवायचा आणि पानावर बसायचा. तो गेला की आत्या भांडी गोळा करत म्हणायची, "ह्येका टेम्पो कळना नाय, सोलकढी मात्र बरी कळता."

आता माझा जावई फोनवर गॅरेज शोधतो. कुणाला किती तारे मिळालेत ते बघतो, खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मला वाचून दाखवतो आणि शेवटी ऑफिसातल्या मित्राला फोन करून विचारतो, "तू कुठं टाकतोस रे गाडी?" मला हसू येतं. त्या काळी आम्हीही तेच करत होतो. फक्त बाबा ज्याला विचारायचे तो स्वतःच कुठंतरी फसलेला असायचा, आणि फसलेल्या माणसाला सोबत हवी असते.

मी तेव्हा कॉलेजात होते. सकाळी बसस्टॉपवर उभी राहायचे तेव्हा समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर बघायची मला सवयच लागली. घरात दुसरा विषयच नव्हता, त्याचा हा परिणाम. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. बर्फाच्या लाद्या वाहून नेणारा एक टेम्पो रोज त्याच रस्त्यानं जायचा. आमच्याहून जुना, पत्रा दोरीनं बांधलेला, एक दिवा फुटका, पण मागून धूर जवळजवळ नाही, आणि सिग्नलला उभा असला तरी इंजिनचा आवाज एका लयीत. मी मनाशी म्हटलं, ह्या टेम्पोला कुणीतरी नीट सांभाळतंय. एके दिवशी तो कोपऱ्यावरच्या रसवंतीसमोर लाद्या उतरवायला थांबला, तशी मी बस सोडून दिली आणि ड्रायव्हरला जाऊन विचारलं. त्याचं नाव यादव. त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. दोन वेण्या, हातात वह्या, आणि ही मुलगी डिझेलचा मेकॅनिक विचारतेय.

"नहीं बताएगा," तो म्हणाला. "सबको बोलूंगा तो मेरा नंबर कब आएगा?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या वेळी मला सुचलं की श्रीखंडासाठी आम्ही बर्फ घेतोच, तो ह्याच्याकडून का घेऊ नये. तसं मी बोलून टाकलं, घरी कुणाला न विचारता. यादव थोडा वेळ लादीवरचा भुसा झटकत राहिला. मग म्हणाला, "नायगाव. पोलीस क्वार्टर के पीछे की गली. जाधव. लेकिन वो बोलता बहुत है."

त्यानं कमीच सांगितलं होतं. आम्ही टेम्पो घेऊन गेलो तेव्हा बीडीडी चाळींच्या मागच्या गल्लीत, बदामाच्या झाडाखाली, एक जाडजूड गृहस्थ खुर्चीत बसून पेपर मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर पेपरशीच भांडत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खाकी शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक टेस्टर. मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताज्या झेंडूचा हार. बाबांनी नमस्कार केला. जाधवांनी बोटानं थांबा अशी खूण केली, अग्रलेख संपवला, संपादकाला एक शेलकं विशेषण दिलं आणि मग आमच्याकडे वळले. ते पूर्वी बसच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथल्या साहेबाशी काही पटेना म्हणून लवकर बाहेर पडले, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला सांगितलं. साहेबाचं काय चुकलं, तेही सविस्तर सांगितलं.

"काय त्रास आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

बाबा म्हणाले, "इंजिन खोलायला लागेल ना?"

"कशाला? तुमचं पोट दुखलं तर डॉक्टर डोकं उघडतो का?"

बाबा इतके दिवस दर वेळी मान डोलावून परत आले होते. त्यांना पहिल्यांदा एखाद्या मेकॅनिकसमोर हसताना मी पाहिलं. जाधवांनी इंजिन चालू करायला लावलं, बंद करायला लावलं, धुरासमोर पांढरा रुमाल धरला, वास घेतला आणि निदान सांगितलं. डिझेलचा फवारा मारणारी नोझलं खराब झाली होती, बाकी इंजिन ठणठणीत. "त्या पुलाखालच्या माणसानं हे इंजिन इतक्या वेळा उघडलंय की बिचाऱ्याला थंडी वाजत असेल," ते म्हणाले. संध्याकाळी टेम्पो परत घेताना त्यांनी काढलेली जुनी नोझलं पेपरात गुंडाळून बाबांच्या हातात दिली. बाबांना कळेना ती घेऊन काय करायचं. जाधव म्हणाले, "काही करू नका. तुमचा माल आहे, तुमच्याकडे राहू दे. मी बदलली की नुसतं सांगितलं, हे तुम्हाला कळायला नको?"

त्या रविवारी ऑर्डर नव्हती. बाबांनी आम्हाला सगळ्यांना टेम्पोत घालून वरळीच्या समुद्रावर नेलं. आत्या पुढं, काचेला हात टेकून, एखाद्या मंत्र्याच्या आईसारखी. आई आणि मी मागं उलट्या पातेल्यांवर. परळचा चढ टेम्पो असा चढला की आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. समुद्रावर भेळ खाल्ली, वाऱ्यानं आईचा अंबाडा सुटला, आणि बाबा कठड्याकडे पाठ करून बसले. आम्ही समुद्र बघत होतो आणि ते टेम्पो बघत होते. येताना आत्या म्हणाली, "शांतारामा, आता हॉर्नचा काय ता बघ." हॉर्नचं शेवटपर्यंत कुणी बघितलं नाही.

पुढं सगळं सुरळीत चाललं. जाधवांकडे टेम्पो वर्षात चार-दोन वेळा जायचा, आणि बाबा जायचे त्याहून जास्त, कारण त्यांना तिथं पेपर ऐकायला आवडायला लागलं होतं. मग गिरगावातल्या परांजप्यांच्या मुलीचं लग्न आलं. आमच्यासाठी ही फार मोठी ऑर्डर होती. गिरगावातल्या त्या कार्यालयात एकदा आपलं जेवण नावाजलं की दारं उघडतात, हे आईला ठाऊक होतं. ती चार दिवस कुणाशी धड बोलली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी टेम्पो जाधवांकडे नेऊन तपासून आणला.

लग्नाच्या सकाळी मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, कोशिंबिरी, श्रीखंडाचे डबे, केळीच्या पानांचे भारे असं सगळं भरून आम्ही निघालो. आई आणि बाबा पुढं, मी आणि आत्या मागं. चिंचपोकळीचा पूल अर्धा चढला असेल नसेल, टेम्पो लंगडायला लागला. डिझेलचा उग्र वास आला, इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. बाबांनी बॉनेट उघडलं. सगळीकडे डिझेल उडालेलं. आई खाली उतरली, एकदा पातेल्यांकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि मला म्हणाली, "नंदा, टॅक्सी कर आणि जाधवांना घेऊन ये."

गल्लीत पोचले तेव्हा जाधव एका दुसऱ्या टेम्पोपाशी उभे होते. तो वरळी कोळीवाड्यातल्या हिराबाईंचा. हिराबाई मासळीच्या व्यापारी, अंगावर गुडघ्यापर्यंतचं लुगडं, हातात सोन्याच्या पाटल्या, आवाज असा की दोन धक्क्यांवर एकदम ऐकू जावा. त्यांचा टेम्पो दुरुस्त होऊन तयार होता आणि त्या आपल्या मुलाला, दामूला, घेऊन तो न्यायला आल्या होत्या. माझं ऐकून घेताना जाधवांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही, यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. हिराबाईच म्हणाल्या, "चल गो पोरी, बस. लग्नाचं जेवन हाय, थांबून कसं चालंल?" आम्ही सगळे त्यांच्याच टेम्पोतून पुलावर आलो.

जाधव बॉनेटमध्ये वाकले. पंपाकडून नोझलकडे जाणारी पोलादी नळी मधोमध तडकली होती. त्यांनी तिच्याखाली बोटं घातली, काहीतरी चाचपलं, आणि तसेच वाकून राहिले. बाबा म्हणाले, "जुनी झाली असेल हो. लोखंडच ते."

"नाही," जाधव सरळ उभे राहिले. "जुनी नाही. ही नळी हलू नये म्हणून क्लिप असते. काल मी ती काढली आणि परत लावायची विसरलो. रात्रभर माझ्याच पेटीत पडली असेल. नळी माझ्यामुळे तुटली, सावंत. आणि आज रविवार, बाजार बंद. आज ही गाडी चालणार नाही."

पुलावरून गाड्या हॉर्न देत जात होत्या. बाबांच्या चेहऱ्यावर मला काय दिसलं ते सांगणं कठीण आहे. राग तर होताच. पण ते गोंधळलेही होते, कारण आजवर कुठल्याही मेकॅनिकनं त्यांना असं वाक्य ऐकवलं नव्हतं आणि त्याला काय उत्तर द्यायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. जाधवांना काहीही सांगता आलं असतं. बाबांनी ते मानलं असतं. आई त्या वेळी रागावली असेल तर तिनं तो राग पुढं ढकलला. तिनं हिराबाईंच्या टेम्पोकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमची गाडी मिळेल?"

"गाडी मिळंल," हिराबाई म्हणाल्या. "पन वासाचं काय करशील?"

वास म्हणजे साधासुधा नव्हता. कित्येक वर्षांची कोळंबी, बोंबील आणि बांगडा त्या फळ्यांत मुरले होते. आत्यानं आत डोकावून श्वास घेतला आणि क्षणभर तिचा चेहरा उजळला, मग परिस्थिती आठवून पडला. पुलाच्या पायथ्याशी एका चाळीचा नळ होता. तिथं टेम्पो नेला. जाधवांनी शर्ट काढून बाजूला ठेवला आणि बनियनवर, दामूबरोबर बादल्या भरभरून फळ्या घासायला घेतल्या. चाळीतल्या बायकांनी वरून विचारलं काय झालं, आत्यानं खालून सगळी हकीकत सांगितली, आणि वरून कुणी साबणचुरा टाकला, कुणी कोकमाचं आगळ, कुणी अर्धवट पिळलेली लिंबं. फळ्यांवर ताडपत्री घातली, ताडपत्रीवर वाढायच्या केळीच्या पानांतला एक भारा उलगडून पसरला, झाकणांच्या कडा चाळीतूनच मागून घेतलेल्या ओल्या कणकेनं लिंपल्या. मग पातेली चढवली. जाधवांनी मसालेभाताच्या पातेल्याचा एक कान धरला, बाबांनी दुसरा, आणि दोघं एकमेकांकडे न बघता चालत होते.

वाटेत बाबा म्हणाले, "आपण मागच्या दारानं उतरवू. कुणाला कळायचं नाही."

आई म्हणाली, "मी परांजप्यांना सांगणार आहे."

"अगं, ऑर्डर जाईल. गिरगावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"जाऊ दे. त्या माणसाला खोटं बोलता आलं असतं. तो भर रस्त्यात तुमच्यासमोर बोलला. आता मी पातेलं झाकून आत जाऊ?"

मागं जाधव पानांच्या भाऱ्याशेजारी बसले होते. त्यांनी हे ऐकलं की नाही ते मला ठाऊक नाही, पण एरवी पेपरशीही भांडणारा तो माणूस त्या दिवशी गिरगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

कार्यालयाच्या मागच्या दाराशी परांजपे घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. किडकिडीत, डोक्याला पगडी, तीही जरा कलती. मासळीचा टेम्पो दारात वळताना बघून त्यांचा चेहरा पडला. आई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. गाडी कुठं बंद पडली, दुसरी कुणाची आणली, कशी धुतली, खाली काय अंथरलं. शेवटी म्हणाली, "झाकणं बंद होती. अन्नाला काही लागलेलं नाही, एवढं मी देवाशपथ सांगते. पण तुमच्या मनाला पटत नसेल तर उतरवत नाही. तुमच्या लेकीचं लग्न आहे, तुम्ही ठरवा."

मला आठवतं, आतून सनईचा आवाज येत होता आणि मी मनात सगळे देव आळवत होते. परांजपे टेम्पोपाशी गेले. त्यांनी वास घेतला. मग मसालेभाताचं झाकण उचलायला सांगितलं, कणीक निघाली, वाफ वर आली. त्यांनी चमच्यानं जरासा भात घेतला, डोळे मिटून खाल्ला, थोडा अजून घेतला. आणि खालच्या आवाजात आईला म्हणाले, "वहिनी, आमचे व्याही वेंगुर्ल्याचे. त्यांना हा वास आला तर ते पानावर लवकर येऊन बसतील. उतरवा."

पंगती उठल्या तेव्हा दुपार कलली होती. श्रीखंड पुरलं, भाताची तर खरवड निघाली. पानांच्या एका भाऱ्याची कमतरता पडली ती कुणीतरी पळत जाऊन भाजीगल्लीतून भागवली. परांजप्यांनी आग्रह करून हिराबाईंना आणि दामूला पंगतीत बसवलं. हिराबाई रांगोळीपुढं मांडी घालून अशा ऐसपैस बसल्या की वरपक्षाकडच्या दोघी-तिघींनी त्यांना वधूची मावशी समजून वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी मोकळ्या मनानं आशीर्वाद दिला. जाधव मात्र जेवले नाहीत. आम्ही शोधलं तेव्हा ते पूल गाठायला निघून गेले होते. बंद टेम्पोजवळ कुणीतरी असायला हवं, असं दामूपाशी सांगून.

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. चाळीतले दोघं-तिघं येऊन बाबांना म्हणाले, बघ, शेवटी सगळे सारखेच, आता दुसरा शोध. बाबा ऐकून घेत राहिले. ते गेल्यावर त्यांनी आईला विचारलं, "काय करायचं?" आई पाय शेकत बसली होती. ती म्हणाली, "ह्याच्याकडून एक चूक झाली ती आपल्याला त्यानंच सांगितली. बाकीच्यांच्या किती झाल्या ते आपल्याला माहीत तरी आहे का?"

सोमवारी जाधव नवी नळी घेऊन स्वतःच लालबागला आले. काम झाल्यावर त्यांनी इंजिन चालू केलं आणि मला हाक मारली. "ताई, इकडे ये. नळीवर बोट ठेव." मी भीत भीत ठेवलं. नळी बोटाखाली पाखरासारखी थरथरत होती. मग त्यांनी क्लिप बसवली, पाना बाबांच्या हातात दिला आणि आवळायला सांगितलं. बाबा आवळत गेले तशी ती थरथर कमी होत गेली आणि थांबली. इंजिन तसंच धडधडत होतं, नळी शांत. "आता दर महिन्याला असं बोट ठेवून बघायचं," जाधव मला म्हणाले. "मी विसरेन. वय झालं. तू विसरू नकोस." त्यानंतर वर्षभरात मी तो टेम्पो चालवायलाही शिकले, पण डिझेल इंजिनची माझी खरी ओळख त्या बोटापासून सुरू झाली.

आईनं त्यांना जेवायला थांबवलं. रविवारी ते उपाशी गेले हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. ती भाकरी वाढत होती, आत्या वाटीत डाळिंब्यांची उसळ घालत होती. ही उसळ म्हणजे आईचा मानबिंदू. आजवर ती खाऊन कुणी वाईट बोललं नव्हतं. जाधवांनी पहिला घास घेतला, चावला, आणि थांबले. बाबांनी विचारलं, "काय झालं?"

"वहिनी, खरं सांगू?" जाधव म्हणाले. "गूळ फार आहे."

आत्यानं हातातला डाव तसाच धरला. बाबा ताटात बघायला लागले. आईच्या कपाळावर आठी चढली, तिनं वाटीतली उसळ बोटावर घेऊन चाटून बघितली, पुन्हा एकदा बघितली, आणि आत निघून गेली. जाधवांनी मात्र शांतपणे वाटी संपवली आणि आणखी मागून घेतली.

पुढच्या ऑर्डरीच्या पहाटे मी खाली गाळ्यात गेले तेव्हा आई उसळीच्या पातेल्यासमोर गुळाचा खडा हातात घेऊन उभी होती. तिनं त्याचे दोन तुकडे केले, एक पातेल्यात टाकला, दुसरा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. जास्तीचा आहे."